साप खरंच उबेला येतो का?

सेलू म्हटलं की बहुतेकजणी विचारतात, "परभणीकडचं का हो?" नव्हे! आमचं सेलू वर्धा जिल्ह्यातलं, वर्धा-नागपूर रस्त्यावरचं. तालुक्याचं गाव. भोवताली कपाशी, तूर, सोयाबीन आणि हिंगणीवरून पुढे गेलं की बोर धरण नि त्याचं जंगल. हे जंगल १९७० साली अभयारण्य झालं आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. पाहुणे येतात ते वाघ पाहायला. आम्हा बायकांचा संबंध मात्र वाघापेक्षा सापाशीच जास्त!

त्याला कारणही तसंच आहे. मागच्या अंगणात चुलीसाठी रचलेली पऱ्हाटी, कोठ्यात गुरांचं कुटार, घरात धान्याची पोती. दाणा तिथे उंदीर आणि उंदीर तिथे साप. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरलं की हे सगळेच कोरडी जागा शोधत घराकडे सरकतात.

"रात्री साप माणसाच्या उबेला येतो," हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. मी अर्धवेळ शिक्षिका. वर्गातल्या मुलीही हेच विचारतात, म्हणून मुद्दाम वाचून काढलं. निघालं ते मोठं गमतीचं.

उष्णता 'दिसणारे' साप आहेत, पण थोडे. आपल्याकडचा अजगर त्यातला एक. त्याच्या ओठांच्या कडेला बारीक खळगे असतात. सह्याद्रीकडच्या हिरव्या चापड्याला डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना एकेक खोल खळगा असतो. त्यात कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ पडदा ताणलेला असतो. समोरून उंदीर गेला की त्याच्या अंगाच्या उष्णतेनं हा पडदा किंचित तापतो आणि मज्जातंतू मेंदूला वर्दी देतात. डोळ्यांचं चित्र नि उष्णतेचं चित्र मेंदूत एकत्र होतं, म्हणून काळोखातही नेम चुकत नाही. अजगराचे खळगे साधे असतात आणि चापड्याइतके तिखट नसतात, इतकंच.

आता स्वयंपाकघरातली गोष्ट ऐका. मोहरी फेसताना नाकात झणझणतं ना? ते ज्या प्रथिनामुळे जाणवतं, त्याच जातीचं प्रथिन या सापांच्या खळग्यांत उष्णता ओळखायचं काम करतं! अमेरिकेतल्या डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेतून हे २०१० साली पुढे आलं. मिरची तिखट का लागते, या शोधापासून सुरुवात करून तापमानाच्या जाणिवेचं कोडं उलगडणारे हेच शास्त्रज्ञ. त्यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.

पण आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या आपल्या चार मुख्य विषारी सापांपैकी एकालाही असे खळगे नाहीत. ते भक्ष्य शोधतात मुख्यतः वासावर. दुभंगलेली जीभ हवेतले, जमिनीवरचे वासाचे कण टिपते आणि टाळूतल्या खास अवयवाकडे पोचवते. जमिनीची थरथर जबड्याच्या हाडांतून कळते. मण्यार रात्री हिंडते ती दुसरे साप, उंदीर, पाली यांच्या मागावर. वाटेत खाली अंथरुणावर कुणी झोपलेलं असतं, झोपेत कूस वळते, ती दबते आणि चावते. ती आपल्यासाठी आलेलीच नसते!

म्हणून, भगिनींनो, उपाय उबेवर नाही, उंदरावर करायचा. पोती भिंतीपासून दूर, फळीवर ठेवा. पऱ्हाटीचा ढीग दारापासून लांब रचा. उष्टं-खरकटं रात्री बाहेर टाकू नका. मोरीच्या भोकाला जाळी बसवा. मुलांना बाजेवर किंवा खाटेवर झोपवा आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. नेपाळच्या तराईतल्या पाहणीत मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी झाल्याचं आढळलं आहे. रात्री उठताना आधी बॅटरी, मग पाऊल.

मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, खूणही नीट दिसत नाही. खाली झोपलेलं माणूस पहाटे पोटदुखीनं उठलं, पापण्या जड होऊ लागल्या, बोलणं अडखळलं, तर "अपचन असेल" म्हणत ओवा देत बसू नका. कापणं, चोखणं, घट्ट दोरी बांधणं, मांत्रिक, हे काहीही नको. हात-पाय न हलवता १०८ ची गाडी बोलवा नि दवाखाना गाठा. साप मारून सोबत न्यायचीही गरज नाही, कारण प्रतिविष या चारही सापांवर चालणारं एकच असतं.

नागपंचमीला वारुळाशी दूध ठेवतो, ते साप पीत नाही. त्याला हवा उंदीर. तो शेतात मिळाला, तर आमच्या ओसरीवर त्याचं काय काम?