काय म्हणाला?

आमच्या घरात गेली आठ वर्षे एक प्रश्न दिवसातून वीस-पंचवीस वेळा विचारला जातो. "काय म्हणाला?" आणि त्याला ठरलेले उत्तर मिळते, "काही नाही." प्रश्न हिचा, उत्तर माझे.

हिला ऐकू कमी येते. म्हणजे आवाज येतो, शब्द येत नाहीत. 'स', 'श', 'फ' असली हलकी अक्षरे आधी गेली, आणि ती गेल्यावर उरलेले वाक्य लावणे म्हणजे कसर लागलेली पोथी वाचणे. कानाला यंत्र आहे. पण ते माणसाच्या बोलण्याबरोबर पंख्याची घरघर आणि भांड्यांचा खणखणाटही मोठा करून देते. असल्या माणसाला जगातली प्रत्येक बारीकसारीक गोष्ट पुन्हा सांगत बसायची म्हटले, तर वाचकहो, तुमचाही धीर सुटेल. निदान मी माझी समजूत तशी घालून घेतली होती.

गिरसप्पाचा धबधबा भूगोलाच्या पुस्तकात पाठ केलेली आम्ही दोघे. लग्न झाले तेव्हाच तो पाहायचे ठरले होते. मग मुले झाली, बदल्या झाल्या, घराचे हप्ते आले, आणि बेचाळीस वर्षे निघून गेली. गेल्या ऑगस्टात होन्नावरला भाचीकडे गेलो, तेव्हा तिनेच एका दिवसाच्या सहलीची दोन तिकिटे हातावर ठेवली. "मामा, आता नाही म्हणू नका."

होन्नावरला शरावती समुद्राला मिळते. तेव्हा आमचा प्रवास नदीच्या शेवटाकडून उलटा वर असा होता. गाइड म्हणून आलेला पोरगा चांगले मराठी बोलत होता. तो ड्रायव्हरशेजारी आमच्याकडे पाठ करून बसला आणि माइकमध्ये बोलू लागला. आम्ही मागच्या बाकावर.

तासाभराने गिरसप्पा गाव आले. धबधबा या गावात नाहीच. तो घाट चढून वर जोगला. गावाने त्याला नुसते नाव उसने दिले आहे. सोळाव्या शतकात इथे चेन्नभैरादेवी राज्य करीत होती आणि तिच्या मिऱ्यांच्या व्यापारामुळे पोर्तुगीज तिला 'मिऱ्यांची राणी' म्हणत, असे गाइड सांगत होता. त्यावर तो आणखी काही बोलला आणि सगळी बस हसली.

"काय म्हणाला?"

"काही नाही."

घाटात त्याने नदीच्या नावाची गोष्ट सांगितली. वनवासात सीतेला तहान लागली, जवळपास पाणी नव्हते, तेव्हा रामाने जमिनीत बाण मारून पाणी काढले. ते ठिकाण अंबुतीर्थ, आणि शरातून निघाली म्हणून नदी शरावती.

"काय म्हणाला हो?"

"काही नाही गं. रामायणातलं काहीतरी."

हिने मान हलवली आणि खिडकीकडे तोंड वळवले. तिच्या त्या मान हलवण्याची मला इतकी सवय झाली होती, की त्यात काही वावगे वाटले नाही.

जोगला पोचलो तेव्हा पाऊस कोसळत होता. ओलाव्याने यंत्र बिघडते म्हणून हिने ते काढून डबीत घातले आणि डबी पिशवीत. कठड्याशी उभे राहिलो, तर समोर नुसते पांढरे धुके. दिसत काहीच नव्हते. फक्त प्रचंड गर्जना. जणू धुक्यापलीकडून एकामागून एक मालगाड्या चालल्या होत्या. मग वारा आला, धुके मधोमध फाटले, आणि आठशे तीस फूट उंचीवरून दरीत कोसळणारे ते पाणी एकदम पुढ्यात आले. पाठ केलेला आकडा डोळ्यांत मावेना.

गाइड आमच्याकडे तोंड करून हातवारे करीत बोलत होता. माइक बसमध्ये राहिला होता. त्याचे ओठ हलत होते, पण मला एक अक्षर ऐकू येईना. चार जण माना हलवत होते, म्हणून मीही हलवली. शेवटी राहवेना. हिच्याकडे वळून ओरडलो, "काय म्हणतोय तो?"

हिने माझ्या तोंडाकडे पाहिले. मग माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "काही नाही!"

आणि हसली. पुष्कळ दिवसांनी इतकी मोकळी हसली. मग मात्र एकेका धारेकडे बोट दाखवून तिने मला सगळे सांगितले. हा सरळ पडतो तो राजा. हा गर्जत येतो तो रोअरर, तो पुढे राजालाच मिळतो. उसळ्या मारतो तो रॉकेट. आणि कातळावरून सावकाश उतरते ती राणी. वर लिंगनमक्कीला १९६४ साली धरण झाले, तिथले पाणी विजेला जाते. उन्हाळ्यात आलात तर बहुतेक कातळच पाहून परत जाल. "आणि तुमची छत्री उलटी झालीय, असंही म्हणाला."

"तुला कसं कळलं?"

"ओठांवरून. समोर तोंड असलं की निम्मं कळतं, निम्मं जुळवते." थोडे थांबून म्हणाली, "तुमचं मात्र पेपराआड असतं."

परतताना घाटात अंधार पडला. हिने यंत्र लावले. मी डोक्यावरचा दिवा लावला, तिच्याकडे तोंड केले आणि सकाळपासूनचे एकेक सांगू लागलो. सीतेची तहान सांगितली, रामाचा बाण सांगितला. ती ओठांकडे बघत ऐकत होती. मिऱ्यांच्या राणीपाशी आलो तेव्हा खाली गिरसप्पाचे दिवे दिसू लागले होते.

"सकाळी इथे सगळे हसले होते," ती म्हणाली. "ते कशाला?"

मी आठवू लागलो. काही केल्या आठवेना. 'काही नाही' म्हणण्याच्या घाईत मीच ते नीट ऐकले नव्हते. उठलो, वळणावर हेलकावे खात, बाकांचा आधार घेत पुढे गेलो आणि त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून विचारले, "बाबा रे, सकाळी काय म्हणाला होतास?"