गोल शिक्क्यातली शिरोरेघ

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाची घोषणा महाराष्ट्रभर पोचलेली आहे: दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांनी बांबूच्या वाहतूक पासांचं पुस्तक या गावच्या ग्रामसभेच्या हाती दिलं. पास द्यायचा म्हटलं की सही आली, आणि सहीशेजारी शिक्का. सरकार असल्याची सगळ्यात स्वस्त खूण ती हीच.

असे शिक्के बहुधा गोल असतात आणि जन्मतात तालुक्याच्या एखाद्या डीटीपीच्या दुकानात, कोरलड्रॉमध्ये. वर्तुळ काढायचं, नाव टाइप करायचं, ‘फिट टेक्स्ट टू पाथ’ दाबायचं. अक्षरं मुकाट वर्तुळावर चढून बसतात. इंग्रजी तर खुशाल बसते. तिची अक्षरं मुळात सुटी. वळणावर फट थोडी वाढली तरी कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

‘गडचिरोली’ मात्र तिथे उसवते.

अक्षरांचे पाय 16 मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर टेकवले आणि उंची 4 मिलिमीटर ठेवली, तर पायाशी अर्धं वर्तुळ सुमारे 50 मिलिमीटर भरतं आणि डोक्याशी 63. ही वाढलेली जागा शिरोरेघेने भरायची कशाने? प्रत्येक अक्षर आपला सरळ तुकडा डोक्यावर घेऊन कलतं, आणि मधे खाचा पडतात. खालच्या अर्ध्या वर्तुळात उलटा तमाशा. तिथलं नाव सुलट वाचता यावं म्हणून डोकी केंद्राकडे करावी लागतात. मग रेघा एकमेकींवर चढतात आणि मात्रा शेजारणीच्या कपाळाला लागतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये तर वेलांटी हे वेगळं चिन्ह. ते ‘च’ला सोडून स्वतःच्याच कलाने झुकतं.

खरी गोम अशी की सॉफ्टवेअर अक्षरांना रेघेवर उभं करतं. पोथी लिहिणारे ती रेघेखाली टांगत. शिक्क्याच्या वरच्या कमानीतही तसंच टांगावं: 20 मिलिमीटरचं वर्तुळ काढून शिरोरेघ त्यावर आणायची. 4 मिलिमीटरच्या तुकड्याला तिथे जेमतेम 0.1 मिलिमीटर बाक लागतो, तो रबर आणि शाई मिळून पोटात घालतात. खाली पाय थोडे दाटतात, पण देवनागरीत दाटायला खालीच जागा असते.

याच जिल्ह्यातल्या वडशाला झाडीपट्टी नाटकांच्या फलकांवर ही सवलत नाही. तिथे हातभर अक्षराला तोच बाक सेंटिमीटरभर होतो, आणि कमानीचे कोपरे रस्त्यावरून दिसतात. अशा वेळी अक्षरं ‘कर्व्ह’ करून, म्हणजे फॉन्टपासून तोडून, कोरलड्रॉच्याच ‘एन्व्हलप’ने अख्खं नावच वाकवावं. शिरोरेघ सलग वळते, अक्षरांचे माथे रुंदावतात, नाव ऐसपैस फुगतं. शिक्क्यात हे फुगणं बेढब दिसेल. पण दिवाळीनंतर रात्र-रात्र रंगणाऱ्या नाटकाचं नाव धावत्या बसमधूनही वाचता यायला हवं. तिथे ते फुगलेलंच बरं.