मजकुराची साधी फाईल

नंदुरबारहून शहाद्यास जाणाऱ्या एस. टी.त पुस्तक वाचणें हें धाडसाचें काम आहे. प्रकाशा येथें तापी ओलांडेपर्यंत पानावरची ओळ दहा वेळां तरी हरवते. २००१ सालीं थोरल्या बंधूंनीं अमेरिकेहून ‘पाम’ नांवाचा तळहाताएवढा संगणक पाठविला, तेव्हां ही अडचण मिटली. दोन बारीक बॅटऱ्या, करडा पडदा, आणि मजकुराच्या साध्या फायली दाखविणारी एक निरलंकार सोय. बटण दाबलें कीं पुढचें पान. गुटेनबर्ग प्रकल्पांतले इंग्रजी निबंध आम्हीं या वाटेवर कितीतरी वाचले.

मग वडिलांच्या आठवणी त्यांत घातल्या. त्यांनीं सांगाव्या व आम्हीं टंकित कराव्या, असें दोन उन्हाळे चाललें होतें. पडद्यावर मात्र रोमन अक्षरांचें कडबोळें उमटलें! दोष यंत्राचा नव्हता. साध्या फायलींत अक्षराचें रूप नसतें, केवळ क्रमांक असतो. आणि आमच्या त्या वेळच्या फाँटनें रोमन क्रमांकांवरच मराठी वळणें बसविलीं होतीं. युनिकोडांत देवनागरीस स्वतःचे क्रमांक १९९१ सालींच मिळाले होते. आम्हां इंग्रजीच्या पदवीधरांस त्याचा पत्ता नव्हता.

वडील २००४ सालीं गेले. हल्लीं तीच फाईल, रूपांतर करून, आम्ही मोबाईलवर वाचतों. पहिल्यानें जतन करतांना गळालेलीं अक्षरें मात्र परत आलीं नाहींत. तोरणमाळ चढतांना ज्यानें त्यांस पाणी पाजलें, त्या भिल्ल गृहस्थाच्या नांवाच्या जागीं दोन प्रश्नचिन्हें आहेत.