न दिसणाऱ्याची वाट

आमच्या घरी आभाळाकडे पाहायचे ते पावसासाठी. वडील दुसऱ्याच्या शेतात राबतात. घरातून कॉलेजात आलेला पहिला मीच. असा कला शाखेच्या द्वितीय वर्षाचा मुलगा वहीत एका उपग्रहाच्या वेळा मांडत बसतो, याचे मित्रांना हसू येते. "तू तर आर्ट्सचा!" असे ते म्हणतात.

तो उपग्रह म्हणजे 'प्रथम'. मुंबईच्या आय. आय. टी.तील विद्यार्थ्यांनी तो बनवला. वजन अवघे दहा किलो. 26 सप्टेंबर 2016 रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी 35 ने तो वर नेला. वातावरणाच्या वरच्या थरातील इलेक्ट्रॉन रेडिओलहरींच्या कंपनाची दिशा फिरवतात. त्यावरून ते इलेक्ट्रॉन मोजायचे, हे त्याचे काम. काम सुरू झाले 2007 च्या सुमारास. म्हणजे ज्यांनी आरंभ केला ते उड्डाणाच्या कितीतरी आधी पदवी घेऊन बाहेर पडले होते. मला हेच फार मोठे वाटते.

माझ्याजवळ ना अँटेना, ना रिसीव्हर. पण रडारने मोजलेले त्याच्या कक्षेचे आकडे सर्वांसाठी प्रसिद्ध होतात. त्यांवरून तो कोणत्या मिनिटाला कोणत्या दिशेने उगवेल हे मोबाइलवर काढता येते. आकडे मात्र ताजे हवेत; जुने झाले की वेळ चुकते. सुमारे पावणेसातशे किलोमीटर उंचीवरून, सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने, तो जवळजवळ ध्रुवांवरून फिरतो. एका फेरीला अठ्ठ्याण्णव मिनिटे लागतात. तेवढ्यात पृथ्वी फिरून आपले चाळीसगाव अडीच हजार किलोमीटर पूर्वेला सरकलेले असते! म्हणून प्रत्येक फेरी आपल्यावरून होत नाही. आलाच तर क्षितिजापासून क्षितिजापर्यंत फार तर तेरा-चौदा मिनिटे. आणि नुसत्या डोळ्यांना तो दिसतच नाही.

आभाळाचे असे गणित आपल्या तालुक्याला नवे आहे काय? पाटणादेवीच्या पाटण गावी भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने 1207 साली मठ स्थापला, तो आजोबांचे ग्रंथ पुढच्यांनी शिकावेत म्हणून. तसा शिलालेखच आहे. एकाने लिहायचे, दुसऱ्याने जपायचे, तिसऱ्याने शिकायचे! त्या रांगेत मुंबईची मुले बसतात. मग शेतमजुराच्या मुलाने का बसू नये? जागा कोणी अडवलेली नाही. मनानेच ती अडवलेली असते.

एकदा आई म्हणाली, "दिसत नही, तं वाट काबर देखस?" मी म्हणालो, "माय, तू एस्टीची वाट बघतेस, ती तरी वळणामागे कुठे दिसते?" ती हसली. "पन ती येस," म्हणाली.

आई दर आठवड्याला त्या एस्टीने माझा डबा धाडते. माझ्या शिक्षणाचे फळ तिला अजून दिसलेले नाही. ते कधी दिसेल, कोणत्या दिशेने उगवेल, हे सांगणारे आकडे कुठेच प्रसिद्ध होत नाहीत. तरी ती थांबली आहे. मित्रहो, उपग्रहाची वेळ काढणे त्या मानाने फार सोपे आहे.