शेवटच्या वळणावर संपलेलं पेट्रोल आणि आपला ऊस

मंडळी, आज विषय अमेरिकेतल्या मोटारींच्या शर्यतीचा. 'माळशिरसात बसून ह्याचं काय करायचं?' असं वाटेल, पण जरा दम धरा, गाडी आपल्या उसावरच येणार आहे.

नॅस्कर म्हणतात तिला. रस्त्यावरच्या गाड्यांसारख्या दिसणाऱ्या गाड्या आणि गोल ट्रॅकवर शेकडो फेऱ्या. मला त्या वेगाचं फार कौतुक नाही. मला आवडतं ते पेट्रोलचं गणित. गाडी लिटरला जेमतेम दोन किलोमीटर चालते आणि आत पेट्रोलचा काटाच नसतो! किती उरलंय ते बाहेर बसलेला माणूस हिशोब करून रेडिओवर सांगतो. मग ड्रायव्हर ठरवतो, दाबायचं की सोडायचं. आपल्याकडं डबल ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टरवाला हेच तर करतो. वजनकाट्याच्या रांगेत इंजिन बंद. रांग चार हात सरकली तरी गडी लगेच चावी फिरवत नाही. वाचलं तेवढं डिझेल त्याचं.

आता ती शर्यत. २९ मे २०११, शार्लट. ४०० फेऱ्या, ६०० मैल. डेल अर्नहार्ट ज्युनिअर हा तिकडचा सगळ्यात लाडका ड्रायव्हर, पण तीन वर्षं विजय नव्हता. (आधीचा विजय २००८ चा, तोही पेट्रोल वाचवूनच मिळवलेला.) पेट्रोल काठावर आहे हे त्याच्या टीमला माहीत होतं, तरी थांबायचं नाही असा डाव टाकला. चार-पाच फेऱ्या उरल्या असताना जिमी जॉन्सनचं इंजिन गेलं आणि पिवळा झेंडा पडला. नियम असा, की शर्यत शक्यतो पिवळ्या झेंड्याखाली संपवायची नाही, फेऱ्या वाढवायच्या. ४०० च्या ४०२ झाल्या. पुन्हा सुरुवात होताच पुढं असलेल्या केसी केनचं पेट्रोल संपलं आणि ज्युनिअर पुढं निघाला. लोक उभे राहून ओरडत होते. शेवटच्या फेरीच्या शेवटच्या वळणावर त्याचीही गाडी कोरडी पडली. केविन हार्विक शेजारून निघून गेला आणि जिंकला. ज्युनिअर सातवा.

त्याच मोसमापासून नॅस्करच्या पेट्रोलमध्ये १५ टक्के इथेनॉल आलं होतं. तिकडं मक्याचं, आपल्याकडं बरंचसं उसाचं.

७ डिसेंबर २०२३ ला मला हीच शर्यत आठवली. गाळप हंगाम १ नोव्हेंबरला सुरू झालेला, गव्हाणीवर ऊस पडतोय, आणि केंद्राचा आदेश आला: उसाच्या रसापासून, सिरपपासून इथेनॉल करायचं नाही. २०१८ पासून सरकारच व्याजात सवलत देऊन 'डिस्टिलरी उभारा' म्हणत होतं. त्या भरवशावर ज्यांनी कर्ज काढलं, त्यांची शर्यत चालू असताना फेऱ्या बदलल्या. सरकारकडं कारण नव्हतं असं नाही. त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा, साखर महागायची भीती, तोंडावर निवडणुका. पण हे ऑक्टोबरमध्ये दिसत नव्हतं? ऑगस्टचा पाऊस ऑगस्टमध्येच कळतो की! आठवडाभरातच थोडी ढील दिली, १७ लाख टन साखरेपुरती. बंदी पूर्ण उठली ती ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस, पुढच्या हंगामाची मोळी टाकायच्या तयारीत.

ज्युनिअरला पुढच्या रविवारी दुसरी शर्यत मिळाली. आडसाली ऊसवाल्याला दीड वर्षात एकदाच मिळते. कायद्यानं एफआरपी १४ दिवसांत द्यायची. त्या हंगामात ती १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागं ३१५ रुपये होती. साखर विकायला महिने जातात, इथेनॉलचा पैसा लवकर येतो, म्हणून हे बिल वेळेत निघायला त्याचा आधार. आणि सोसायटीचं कर्ज ३१ मार्चला फेडायचं असतं, तिथं कुणी दोन फेऱ्या वाढवून देत नाही.

वार्षिक सभा जवळ आल्या की अहवाल घरी येतो. चहाच्या कपाखाली ठेवू नका. डिस्टिलरीच्या कर्जाचा हप्ता किती, आणि उद्या पुन्हा असा आदेश आला तर उसाचं बिल कुठल्या पैशातून देणार, हे दोन प्रश्न सभेत विचारा. उत्तर काय मिळालं ते खाली लिहा, मी बातमी करतो.