भंगारातली गिअरवाली

उमरग्यात जुन्या सायकलीला दोन भाव आहेत. एक किलोचा, दुसरा चालवणाऱ्याचा. तिसरा पुण्या-मुंबईच्या हौशी मंडळींचा. तो मोबाइलवर कळतो, पण इथल्या भंगारवाल्यांना अजून पटलेला नाही.

मी शाळेत शिकवतो. सुट्टीच्या दिवशी सोलापूर-हैदराबाद रस्त्याकडेची भंगाराची दुकानं धुंडाळायची मला खोड आहे. शोधतो त्या नव्वदच्या दशकातल्या जाड टायरच्या, गिअरवाल्या सायकली. काळ्या रॅले किंवा हंबरला जाणकार गिऱ्हाईक केव्हापासूनच आहे. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय २०१७ साली उघडलं. तिथली दुसऱ्या महायुद्धातली बीएसएची घडीची पॅराट्रूपर बघायला लोक लांबून येतात. आपल्या शाळकरी वयातल्या माउंटन बाइकला मात्र जुनी म्हणायला अजून कुणी तयार नाही. आमच्याकडे तर ती कुठल्याही कंपनीची असो, तिला रेंजरच म्हणतात.

तर एका भंगारवाल्या चाचांनी निरोप धाडला. गेलो. पत्र्याच्या ढिगाला टेकून ट्रेक या परदेशी कंपनीची एक सायकल उभी होती. जांभळा रंग उडालेला, टायर तडकलेले, सीटच्या जागी पोत्याची गुंडाळी.

"गोऱ्याची हाय गुरुजी. भूकंपाला आल्ता त्यो."

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं पडली, आणि मग मदतीला देशातून-परदेशातून माणसं आली. तेव्हापासून आमच्या भागात कुठलीही परदेशी वस्तू निघाली की ती भूकंपातल्या गोऱ्याची. कंदील त्याचा, तंबू त्याचा, थर्मास त्याचा. आता सायकलही त्याचीच. चाचांनी गोऱ्यासकट दोन हजार सांगितले.

मी रॉकेलचा बोळा घेऊन मागचा गिअर पुसायला बसलो. शिमानो कंपनी सुट्या भागांच्या आतल्या बाजूला बारीक दोन इंग्रजी अक्षरं ठोकते. पहिलं वर्षाचं, दुसरं महिन्याचं. ए म्हणजे १९७६, पुढे वर्षाला एक अक्षर, आणि झेड संपल्यावर २००२ पासून पुन्हा ए. काळं वंगण निघालं तसं आधी व्ही दिसलं, मग सी. मार्च १९९७. याच हिशेबाने ते २०२३ सुद्धा होऊ शकतं, पण सात चकत्यांचं फ्रीव्हील आणि हाडापर्यंत गेलेला गंज २०२३ चा कसा असेल?

"चाचा, हा गिअर भूकंपानंतर साडेतीन वर्षांनी बनलाय."

"मग गोरा उशिरा आला आसंल," चाचा शांतपणे म्हणाले.

जुन्या वस्तूच्या बाजारात गोष्टीला पैसे मोजायचे असतील तर ती गोष्ट वस्तूवर कुठेतरी लिहिलेली हवी, असं माझं मत आहे. म्हणून मी आधी सीट काढतो. सीटच्या दांड्यावर जाडी ठोकलेली असते. तिथे २७.२ असेल तर फ्रेमची नळी बहुधा पातळ आणि चांगल्या पोलादाची. इथे तेवढी नव्हती. मग सायकल उलटी करून पायडलच्या नळकांड्याखालचा नंबर बघितला, रंग मूळचा आहे का ते बघितलं, स्टिकर नखाने चाचपले. मॉडेल होतं ८२०, म्हणजे कंपनीच्या स्वस्तातल्यांपैकी. परदेशी म्हटलं की मौल्यवान, हा समज इथे घट्ट आहे, पण ज्या सायकली खपण्यासाठीच भरमसाट बनल्या त्यांना संग्राहक फारसं विचारत नाही.

तो विचारतो ते वेगळंच. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात काही पोरं १९३०-४० च्या जड श्विन सायकली अडगळीतून उचलून डोंगरावरून शर्यतीने खाली सोडू लागली. ब्रेक मागच्या हबातच, उलटं पायडल मारून लागणारा. तो इतका तापायचा की ग्रीस धूर होऊन जायचं, आणि खाली पोचल्यावर हब पुन्हा भरावा लागायचा. म्हणजे या सायकलीची सुरुवातही भंगारातूनच झाली. त्या टोळीतल्या जो ब्रीझने १९७७ मध्ये या कामासाठी खास फ्रेम बांधली, तशा पहिल्या दहाच झाल्या. १९८१ मध्ये स्पेशलाइज्डने जपानात स्टंपजंपर बनवून घेतली आणि ही सायकल दुकानात आली. संग्राहकाच्या उड्या असल्यांवर.

आमच्या ट्रेकचं दुखणं निराळंच होतं. कॅरिअर बसवायला कुणीतरी मागच्या नळ्यांवर वेल्डिंगचे चार टाके मारले होते. फोटो पाठवल्याबरोबर पुण्याच्या गिऱ्हाइकाचा फोन आला, "फ्रेम नको सर. मागचा गिअर, शिफ्टर आणि क्रँक तेवढे द्या." त्याला घंटी नको, मडगार्ड नको, नवा रंग तर मुळीच नको. गंजलेला पण मूळचा स्टिकर त्याला जास्त प्यारा. उमरग्यात सगळं उलटं. इथे स्प्रे मारून चकचकीत केली, कॅरिअर-घोडी लावली की पाचशे रुपये चढतात. जे इथे लावल्याने भाव वाढतो तेच काढल्याने तिकडे वाढतो. मला विचाराल तर वेल्डिंग मारणाऱ्याचं काही चुकलं नाही. कॅरिअर नसेल तर ज्वारीचं पोतं काय डोक्यावर न्यायचं?

चाचांशी घासाघीस करून किलोच्या भावावर थोडे घालून सायकल उचलली. सुटे भाग पुण्याला गेले, त्यात माझा खर्च निघून वर चार पैसे उरले. एक गंमत अशी, की परदेशात आता चाकं २७.५ आणि २९ इंची झाल्यामुळे २६ इंचीचे चांगले टायर शोधावे लागतात, आणि आमच्या बाजारात ते सायकलच्या कुठल्याही दुकानात टांगलेले असतात. तेच घातले. छर्रे बदलले, चाकांचा आउट काढून घेतला, गिअर गेले तिथे सिंगल चेन टाकली. गुंजोटीच्या एका शेतकऱ्याला मुलीच्या शाळेसाठी सायकल हवी होती.

"गिअर न्हाईत ते बरं, सारखं बिघडतेत. पण घोडी लावून द्या गुरुजी."

घोडीसाठी चौरस्त्याजवळच्या वेल्डिंगवाल्याकडे नेली. त्याने मागच्या टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि हसला. "हे काम माझ्याच हातचं हाय. एका कंपाउंडरची सायकल व्हती बगा. मुंबईच्या जावयानं आणून दिल्ती."

पुढच्या खेपेला चाचांना हे सांगितलं. त्यांनी काट्यावरचं वजन उतरवलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "जावई बी गोराच व्हता गुरुजी. म्या बघितलाय."