भयपट बघणं तब्येतीला चांगलं की वाईट? एका शौकीन डॉक्टरचा अनुभव



बीपीचा पेशंट आला की मी झोपेची चौकशी हमखास करते. परवा एका काकांनी मलाच उलट विचारलं, "मॅडम, तुम्ही काल किती वाजता झोपलात?" खोटं बोलणं जमेना. म्हटलं, साडेबारा वाजता. भुताचा सिनेमा बघत बसले होते. काका चकित झाले. "या वयात? आणि डॉक्टर असून?"

होय. वय ५४, एमबीबीएस, एमडी, बीपीची एक गोळी चालू, आणि तरीही भुताखेतांच्या सिनेमांची, गूढ मालिकांची आणि (हे अजून कमी लोकांना माहीत आहे) सुपरहिरोंच्या ऑनलाइन गेमची शौकीन. काकांसारखा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल, म्हणून आजचा लेख या विषयावर. भीतीने शरीरात काय होतं ते सांगते, आणि या शौकाने मला काय शिकवलं, काय शिकवलं नाही, तेही सांगते.

सुरुवात कशी झाली?

शाळेत असताना गल्लीत कोणाकडे तरी व्हीसीआर भाड्याने आणला की सगळे जमायचे. तिथे मी रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' पाहिला. १९८४चा सिनेमा. त्यातला सामरी नावाचा राक्षस राजघराण्याला शाप देतो, की या घरातल्या बायका बाळंतपणात मरतील. पुढे आठ दिवस मी आजीच्या कुशीत झोपले आणि नवव्या दिवशी मैत्रिणीला विचारलं, "पुढची कॅसेट कधी आणणार?"

मग वाचनालयातून नारायण धारपांची पुस्तकं आणली. १९९५मध्ये 'आहट' सुरू झाली तेव्हा मी एमडी करत होते. हॉस्टेलच्या टीव्हीसमोर आम्ही पाच-सहा जणी एकमेकींचे हात धरून बसायचो. नंतर एकटीला वॉर्डच्या अंधाऱ्या व्हरांड्यातून जावं लागायचं, तो वेगळाच एपिसोड.

त्याआधी इंटर्नशिपमध्ये लेबर रूमची पोस्टिंग झाली. बाळंतपणानंतर रक्तस्राव न थांबलेली एक मुलगी तिथे पाहिली. वय २० असेल. सगळ्यांनी धावपळ केली, रक्ताच्या बाटल्या आल्या, ती वाचली. त्या रात्री मला सामरीची आठवण झाली आणि पहिल्यांदा त्याची भीती वाटली नाही. सिनेमात जो शाप होता, त्याला वैद्यकशास्त्रात नाव होतं, कारण होतं आणि उपायही होता. ज्याला नाव देता येतं ते भूत निम्मं लहान होतं, हे मी तिथे शिकले.

भीती वाटते तेव्हा शरीरात काय होतं?

पडद्यावर दार करकरतं. आवाज कानातून मेंदूत पोचतो. मेंदूत बदामाच्या आकाराचा अमिग्डाला नावाचा एक भाग असतो. धोका आहे का, हे ताडणं त्याचं काम. तो फार विचार करत बसत नाही, सरळ धोक्याची घंटा वाजवतो. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रीनल ग्रंथी अॅड्रीनलिन सोडतात. हृदय जोरात धावतं, बीपी वाढतं, बाहुल्या मोठ्या होतात, तोंड कोरडं पडतं, तळहातांना घाम सुटतो. त्वचेतले बारीक स्नायू आकसून केस उभे राहतात. तोच आपला काटा.

एवढ्यात मेंदूचा पुढचा, विचार करणारा भाग म्हणतो, "अगं, सिनेमा आहे. तू सोफ्यावर बसली आहेस." घंटा हळूहळू थांबते. हृदय ताळ्यावर येतं. ताण एकदम उतरतो, तेव्हा जी हलकी, हसरी अवस्था येते तिच्यासाठी आम्ही शौकीन लोक हा खटाटोप करतो. सिनेमागृहात मोठी किंकाळी ऐकू आली की पाठोपाठ हशा पिकतो, तो यामुळेच.

भीतीने रक्त खरंच गोठतं का?

आपण म्हणतो, "भीतीने रक्त गोठलं." नेदरलँड्समधल्या लायडनच्या डॉक्टरांनी हे चक्क तपासून पाहिलं. २४ निरोगी तरुणांना त्यांनी एक दिवस 'इन्सिडियस' हा भयपट दाखवला आणि एक दिवस शॅम्पेनवरचा माहितीपट. आधी आणि नंतर रक्त तपासलं. २०१५ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या नाताळ अंकात त्याचा निष्कर्ष आला. भयपटानंतर निम्म्याहून अधिक जणांच्या रक्तात 'फॅक्टर ८' हा गोठण्याला मदत करणारा घटक वाढला होता. माहितीपटानंतर तो फार थोड्यांमध्ये वाढला. प्रत्यक्षात गुठळ्या मात्र कोणाच्याच रक्तात होऊ लागल्या नव्हत्या.

याचा अर्थ सोपा आहे. जखम होण्याआधीच शरीर तयारीला लागतं. वाघ समोर आला तर रक्त वाया जाऊ नये, अशी ही जुनी व्यवस्था. शरीराला वाघ आणि प्रोजेक्टर यातला फरक कळायला जरा वेळ लागतो, एवढंच.

गच्चीवरची खोली आणि सुपरहिरो

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये माझी कोविड वॉर्डात ड्युटी होती. घरात सासूबाई ८० वर्षांच्या. म्हणून मी गच्चीवरच्या खोलीत वेगळी राहायचे. जेवणाचा डबा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर यायचा. मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगला. कॉलेज बंद म्हणून घरीच. एकाच घरात असून महिना महिना आम्ही एकमेकांच्या जवळ गेलो नाही.

एका रात्री त्याचा फोन आला, "आई, लॅपटॉप उघड. एक गेम टाकून देतो." तो गेम होता 'डीसी युनिव्हर्स ऑनलाइन', २०११ साली आलेला. त्यात आपला स्वतःचा सुपरहिरो बनवायचा आणि सुपरमॅन-बॅटमॅनच्या दुनियेत चार-चार जणांच्या टोळीने खलनायकांशी लढायचं. प्रत्येकाचं काम ठरलेलं. कोणी पुढे राहून मार खातो, कोणी हल्ला करतो, आणि एक असतो हीलर. बाकीच्यांचे जीव वाचवणं हे त्याचं काम. मुलाने मला न विचारताच हीलर केलं आणि नाव ठेवलं 'डॉक्टरीणबाई'.

रात्री दहाला मी वर, तो खाली. कानात त्याचा आवाज. "आई, मागे ये! आधी स्वतःला हील कर!" मी सुरुवातीला सगळ्यांना वाचवत सुटायचे आणि सर्वांत आधी मीच मरायचे. पाठोपाठ पूर्ण टोळी. "आई, हीलर पडला की सगळे पडतात," हे त्याने मला निदान ५० वेळा ऐकवलं असेल. वॉर्डात जे दिवसभर बघत होते ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. त्या तासाभरात मात्र मेलेलं माणूस उठून उभं राहायचं. मला त्याची गरज होती.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये काही संशोधकांनी तीनशेहून अधिक लोकांचा अभ्यास केला. भयपटांच्या शौकिनांना साथीच्या काळात मानसिक त्रास इतरांपेक्षा कमी झालेला दिसला. खोट्या भीतीत आपण स्वतःला शांत करण्याचा सराव करतो, असा त्यावरचा तर्क. पण दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली, असं सिद्ध होत नाही. सिनेमा हे औषध आहे असा अर्थ कृपया काढू नका. मी स्वतः तो काढला होता. पुढचा भाग त्याचाच.

न उघडलेलं दार

२०२२च्या पावसाळ्यात आंघोळ करताना डाव्या स्तनात गाठ हाताला लागली. लहान, कडक, न दुखणारी. अशा गाठीचं काय करायचं, हे मी शेकडो बायकांना सांगितलं आहे. त्याच आठवड्यात तपासणी.

मी सात आठवडे काही केलं नाही.

कारणं भरपूर होती. डेंग्यूचे पेशंट वाढले होते. मग गणपती आले. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. रात्री मी नेहमीसारखी सिनेमे बघत होते आणि मनात म्हणत होते, मला कशाचीच भीती वाटत नाही.

एका सकाळी साधारण माझ्याच वयाच्या एक ताई आल्या. गाठ वर्षभरापासून होती आणि आता त्यावरची कातडी ओढली गेली होती. मी जरा रागानेच विचारलं, "इतके दिवस का थांबलात?" त्या खाली मान घालून म्हणाल्या, "मॅडम, दाखवलं नाही तर काही नसेल असं वाटायचं."

त्यांना चिठ्ठी लिहून दिली. पुढचा पेशंट बाहेर थांबवला आणि सर्जन असलेल्या माझ्या वर्गमैत्रिणीला फोन केला. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलली, "उद्या सकाळी नऊला ये, कारणं घरी ठेवून ये."

मॅमोग्राफी, सोनोग्राफी, बायोप्सी. कॅन्सरच होता. गाठ पावणेदोन सेंटिमीटर, काखेत पसरलेला नव्हता. गाठ काढली, रेडिएशन घेतलं, आता रोज एक गोळी. आज मी ठीक आहे. त्या ताईंचे उपचार माझ्यापेक्षा खूप लांबले आणि खूप कठीण गेले. आम्हा दोघींमध्ये धैर्याचा काही फरक नव्हता. मी सात आठवडे घाबरले, त्या वर्षभर घाबरल्या.

मग इतक्या वर्षांच्या भयपटांचा उपयोग काय झाला? मी यावर पुष्कळ विचार केला. सिनेमातली भीती मी निवडलेली असते. रिमोट माझ्या हातात असतो आणि शेवट दोन तासांत येतो. आजाराच्या भीतीत यातलं काहीच नसतं. शिवाय सिनेमा एक उलटी सवय लावतो. पडद्यावरची मुलगी तळघराच्या दाराकडे निघाली की आपण ओरडतो, "अगं, उघडू नकोस!" आजारात नेमकं उलट करायचं असतं. दार उघडायचं, दिवा लावायचा, आत काय आहे ते बघायचं. बहुतेक वेळा आत काही नसतं; स्तनातल्या बहुतेक गाठी साध्याच निघतात. आणि काही असलंच, तर ते लवकर दिसलेलं बरं.

रेडिएशनच्या दिवसांत फार थकवा यायचा. मुलगा तेव्हा नोकरीसाठी बंगळुरूला होता. रात्री तो गेममध्ये भेटायचा. लढायचो कमी, गप्पा जास्त. एकदा म्हणाला, "हीलर पडला की काय होतं, आठवतं ना?" मी हो म्हटलं.

कोणी जपून राहावं?

निरोगी माणसाने भयपट पाहायला हरकत नाही. मात्र हे लक्षात ठेवा:

- नुकताच हार्ट अॅटॅक येऊन गेला असेल, छातीत दुखत असेल किंवा हृदयाच्या ठोक्यांचा आजार असेल, तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. काही जन्मजात आजारांत अचानक मोठा आवाजही धोक्याचा ठरू शकतो.
- लखलखत्या प्रकाशाने फिट येत असेल तर असे सिनेमे आणि गेम टाळा.
- पॅनिक अॅटॅक येत असतील किंवा आयुष्यात मोठा आघात झाला असेल, तर स्वतःवर जबरदस्ती करू नका. "एवढं काय घाबरतोस," असं इतरांनीही म्हणू नये.
- लहान मुलांना खरं-खोटं वेगळं करता येत नाही. त्यांना शेजारी बसवून मोठ्यांचा भयपट लावू नका.
- झोपण्याआधी तासभर स्क्रीन बंद. हा नियम मी मोडते आणि माझं बीपी त्याचा हिशेब ठेवतं. त्या काकांना मी हेच सांगितलं.
- गेममुळे काम, अभ्यास, जेवण, नाती बाजूला पडू लागली आणि थांबवणं हातात राहिलं नाही, तर ती सवय नसून आजार असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या यादीत त्याची नोंद केली आहे. लाजू नका, मदत घ्या.

आणि शेवटचं. कपाटात एखादा न उघडलेला रिपोर्ट असेल, एखादी गाठ, एखादं दुखणं तुम्ही "बघू दिवाळीनंतर" म्हणून मागे टाकलं असेल, तर हा लेख संपताच फोन करून अपॉइंटमेंट घ्या. भीती वाटणारच, सोबत कोणाला तरी घेऊन जा. भुताचा सिनेमासुद्धा आपण एकट्याने बघत नाही.

तेवढं करून आलात की रात्री खुशाल 'तुंबाड' लावा. दिवा मात्र मी चालूच ठेवते.